नदी सरकारची, काठ कोणाचा?

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. नाशिककराला त्यातल्या पहिल्या गोष्टीची फारशी अडचण नाही. गोदावरीचं मूळ त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर आहे आणि सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परतता येतं. मला कोडं पडलं ते नदीच्या मुळाचं नव्हे, नदीच्या काठाचं. आणि ते पडलं तेही नाशिकपासून हजारो मैलांवर, फ्रान्समध्ये, सकाळी पळायला गेलो असताना.

पळायला म्हटलं ते जरा सौजन्याने. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, चालता चालता थोडं धावायची सवय लागली. धावणं म्हणजे शर्यतीतलं नव्हे, शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतपत संथ. त्याला आता सगळेच जॉगिंग म्हणतात. माझी मुलगी तुलूझला असते. आपल्या ओझरला जसा विमानांचा कारखाना, तसं ते अख्खं शहरच विमानांच्या कारखान्यांवर उभं आहे. तिच्याकडे गेलो तेव्हा पहिल्याच सकाळी ती म्हणाली, "बाबा, चला, तुम्हाला तुमच्या आवडीची जागा दाखवते." मला वाटलं, एखादं देऊळ किंवा बाजार असेल. तिने मला कालव्यावर नेलं!

हा साधासुधा कालवा नव्हे. त्याचं नाव कनाल द्यू मिदी, म्हणजे दक्षिणेचा कालवा. तुलूझपासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत जवळजवळ दोनशे चाळीस किलोमीटर. मिठावरचा कर वसूल करणाऱ्या पिएर-पोल रिके नावाच्या माणसाने तो बांधायला घेतला. १६६६ साली राजाची मंजुरी मिळाली, १६८१ मध्ये कालवा खुला झाला. पण रिके त्याच्या काही महिने आधीच वारला होता. या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी डोंगरात सेंट फेरेओल नावाचं मातीचं धरण बांधलं, तेही आजतागायत उभं आहे. आपलं गंगापूर धरणही मातीचंच. त्यामुळे ते पाहताना एखाद्या दूरच्या नातेवाइकाच्या घरी आल्यासारखं वाटलं.

पण मी धरणाबद्दल बोलणार नाही, काठाबद्दल बोलणार आहे. त्या कालव्याच्या कडेने एक वाट जाते. सपाट, मोकळी, वर झाडांची सावली. चढ नाही, मोटार नाही. आम्ही बापलेक तिच्यावरून धावू लागलो. सायकलवाले येत होते, म्हाताऱ्या बायका कुत्री घेऊन जात होत्या, मुलं शाळेत निघाली होती. पुढे शहर संपलं, गव्हाची शेतं आली, द्राक्षांचे मळे आले. नाशिकच्या माणसाला द्राक्षांचं काय कौतुक? मला कौतुक वाटलं ते याचं, की शेत आलं, मळा आला, वाडी आली, तरी वाट काही तुटेना. मी थकलो, वाट थकली नाही.

मी मुलीला विचारलं, "ही वाट धावणाऱ्यांसाठी कधी बांधली?" ती म्हणाली, "धावणाऱ्यांसाठी नाहीच बांधली. घोड्यांसाठी बांधली."

गोष्ट अशी आहे. इंजिनाच्या आधीच्या काळात माल भरलेली नाव प्रवाहाविरुद्ध किंवा संथ पाण्यातून न्यायची, तर ती काठावरून दोराने ओढावी लागे. कधी घोडे ओढत, कधी माणसं. दोर पाण्यावरून ताणलेला असायचा. त्यामुळे काठावर मध्ये झाड आलं, कुंपण आलं की नाव अडली. म्हणून काठ मोकळा हवा, आणि सपाट हवा. कालव्याचा काठ राजाज्ञेने बांधलेला होता, तिथे प्रश्न नव्हता. पण नद्यांचं काय? नदीकाठची जमीन तर शेकडो मालकांची.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई आणि त्याचा मंत्री कोल्बेर यांनी १६६९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आणि जंगलांविषयी एक मोठा हुकूम काढला. त्यातलं एक कलम असं, की ज्या नद्यांतून नावा चालतात त्यांच्या काठच्या जमीनमालकांनी ओढणाऱ्या बाजूला चोवीस फूट रुंदीची वाट मोकळी सोडावी. त्या बाजूला तीस फुटांच्या आत झाड लावू नये, कुंपण घालू नये. पलीकडच्या काठावर दहा फूट सोडावेत. राजाने जमीन काढून घेतली नाही. ती मालकाचीच राहिली. फक्त तिच्यावरून जाणाऱ्याला अडवायचं नाही, एवढंच.

इकडे आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १६७० मध्ये, शिवाजी महाराज सुरतेहून परतताना आपल्याच जिल्ह्यात वणी-दिंडोरीला मोगलांशी लढले. म्हणजे कायदा इतका जुना. पण गंमत पाहा, तो अजून मेलेला नाही. राजा गेला, राज्यक्रांती झाली, रेल्वे आली, घोड्यांनी नावा ओढणं इतिहासजमा झालं. तरी ते चोवीस फूट फ्रान्सच्या कायद्याच्या पुस्तकात आजही आहेत. मीटरमध्ये सात मीटर ऐंशी सेंटिमीटर. पलीकडच्या काठाचे दहा फूट म्हणजे सव्वातीन मीटर. ही पलीकडची अरुंद पट्टी आधी नावाड्यांची, मग मासे धरणाऱ्यांची झाली, आणि २००६ च्या अखेरीस झालेल्या पाण्याच्या कायद्याने पायी चालणाऱ्यांनाही तिच्यावर हक्क मिळाला. घोड्यांसाठी सोडलेली जागा साडेतीनशे वर्षांनी माणसांच्या कामी आली.

तिथून परतल्यावर मी आपल्या गोदावरीकडे नव्याने पाहू लागलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आपला काठ आणि त्यांचा काठ यांचा आकारच वेगळा आहे. त्यांचा काठ नदीच्या कडेकडेने जाण्यासाठी घडला. आपला काठ नदीत उतरण्यासाठी घडला. आपल्याकडे नदीवर काय बांधलं? घाट बांधले. रामकुंड १६९६ साली साताऱ्याकडच्या खटावच्या चित्ररावांनी बांधलं, पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी ते दुरुस्त केलं. पायऱ्या, कुंडं, ओवऱ्या, देवळं. सगळं पाण्याकडे तोंड करून. माणूस येतो, उतरतो, स्नान करतो, अस्थी सोडतो, पुन्हा चढून घरी जातो. हे फार सुंदर आहे. पण त्यात नदीच्या सोबतीने चालत राहण्याची कल्पना नाही.

याचं कारण धर्मापेक्षा भूगोलात आहे. नाशिकजवळची गोदावरी खडकाळ, पावसाळ्यात उधाणलेली आणि उन्हाळ्यात अंग चोरणारी. तिच्यातून मालाच्या नावा चालल्या नाहीत, म्हणून नावा ओढायची वाट झाली नाही. हीच गोदावरी खाली आंध्रात समुद्राजवळ पोचली, तेव्हा चित्र बदललं. तिथे आर्थर कॉटन या इंजिनिअरने १८४७ ते १८५२ या काळात धवलेश्वरमला बंधारा घातला आणि त्यातून कालवे काढले. त्या कालव्यांतून शेतीला पाणी गेलं आणि नावाही चालल्या. आणि काठावरून माणसं दोराने त्या ओढत. म्हणजे नदी एकच. जिथे काठाने ओझं वाहिलं, तिथे वाट झाली.

मग नाशिकमध्ये सपाट वाट कुठेच नव्हती का? होती, आणि माझी सगळी नोकरी तिच्यावर गेली. ती म्हणजे पाटाची वाट. कालवा काढायचा तर त्याला उतार अगदी बेताचा द्यावा लागतो, काही हजार फुटांत एखादा फूट. उतार जास्त झाला तर पाणी माती खातं, कमी झाला तर गाळ बसतो. त्यामुळे कालवा डोंगराला वळसा घालत जातो, पण पातळी सोडत नाही. आणि पाहणीसाठी त्याच्या भरावावरून एक कच्चा रस्ता ठेवावाच लागतो. पाणीपाळी सुरू झाली की पाटकरी त्यावरून सायकलीवर फिरतो, आम्ही जीपने फिरायचो. गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झालं. त्याच्या डाव्या कालव्यावरून पहाटे चाललं, तर एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला द्राक्षबाग, असं मैलच्या मैल जाता येई. दम लागत नसे. मला तुलूझ ओळखीचं का वाटलं, ते यावरून कळेल. शहर वाढलं तसा उजवा कालवा मागे पडला. नाशिकरोडच्या बाजूला 'कॅनॉल रोड' हे नाव तेवढं लोकांच्या तोंडी राहिलं.

आता कुणी म्हणेल, धावायला काठ कशाला हवा? धावणारा कुठेही धावतो. खरं आहे. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची मुलं अनवाणी, खडीच्या कडक रस्त्यावरून लांब पल्ल्याचं धावताना पाहिली, आणि ही मुलं युरोपच्या धावपटूंच्या जवळपास वेळ देतात हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातूनच १९२० मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून खेळाडू गेले. बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. आपल्या जिल्ह्यात हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत राष्ट्रकुल पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत तिने रौप्य मिळवलं. या कुणासाठी नदीकाठी सावलीची वाट कुणी राखून ठेवली नव्हती.

आणि नुसता नदीकाठ असला म्हणजे धावणं सुखाचं होतं, असंही नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १२ जुलैला कोलोंब इथे सीन नदीच्या परिसरात रानातून धावायची शर्यत झाली. पारा चाळिशीच्या आसपास, वाटेत दगड आणि गुडघाभर गवत, शेजारच्या कारखान्याचा धूर. अडतीस जण निघाले, पंधराच जण पोचले. फिनलंडचा पावो नुर्मी पहिला आला, पण बाकीच्यांचे हाल इतके झाले की ती शर्यत ऑलिंपिकमधून कायमची बंद झाली.

पण मंडळी, मी चौगुले आणि नुर्मी यांच्यासाठी वाट मागत नाही. ते वाटेवाचूनही धावतात. वाट लागते ती बाकीच्यांना. जॉगिंगचा इतिहासच तो आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड नावाच्या प्रशिक्षकाच्या प्रेरणेने १९६२ साली जॉगर्स क्लब निघाला. त्यात पदकं मिळवणारे नव्हते. पोट सुटलेले, हृदयविकाराची धास्ती घेतलेले मध्यमवयीन लोक होते. नियम एकच, धावताना बोलता आलं पाहिजे. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बोअरमन तिथे गेले, स्वतः त्यांच्याबरोबर धावले, दमले आणि परत जाऊन १९६७ मध्ये त्यांनी जॉगिंगवर पुस्तक काढलं. तिथून ही लाट जगभर गेली. आपल्या मुंबईत वांद्र्याला १९९० मध्ये जॉगर्स पार्क झालं. नाशिकमध्ये कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आणि हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणजेच गोल्फ क्लबचं मैदान, ही आमची ठिकाणं. पहाटे तिथे गेलात तर अर्धं शहर भेटेल. पण मैदानात माणूस गोल गोल फिरतो. नदीकाठी माणूस कुठेतरी जातो. हा फरक धावणाऱ्यालाच कळतो.

नाशिकने हे ओळखलं नव्हतं असं नाही. गोदापार्कची कल्पना याच विचारातून आली. आनंदवल्लीपासून खाली नदीच्या कडेने सलग फिरता यावं, हे स्वप्न नाशिककरांनी पाहिलं. काही टप्पे झालेही. पण गोदामाईची स्वतःची काही मतं असतात! १९ सप्टेंबर २००८ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना तो आठवत असेल. नाशिककर पूर फुटांनी मोजत नाहीत, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर मोजतात. त्या दिवशी मारुतीराय दिसेनासे झाले. मग २ ऑगस्ट २०१६ ला पुन्हा मोठं पाणी आलं आणि काठावर बांधलेल्या फरशा, कठडे, दिवे यांची मोठी नासधूस झाली.

२००८ नंतर एक महत्त्वाचं काम झालं. शहरात पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई. या रेषांवरून किती वाद झाले ते वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना सांगायला नको. पण मी फ्रान्सचा कायदा समजून घेतला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अहो, आपले चोवीस फूट तर नकाशावर आधीच आहेत! निळ्या रेषेच्या आतला पट्टा म्हणजे तोच की. मग वाट का नाही? कारण आपला नियम म्हणतो, 'बांधू नका'. त्यांचा नियम म्हणतो, 'जाऊ द्या'. आपल्या महसूल कायद्याप्रमाणे नदीचं पात्र सरकारचं. पण काठ ज्याच्या सातबाऱ्यावर आहे त्याचा. तो तिथे इमारत बांधू शकत नाही, पण तारेचं कुंपण घालून बसू शकतो. त्यामुळे नदी सगळ्यांची आणि नदीकडे जायची वाट कुणाचीच नाही.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवण्यासाठी सांगत नाही. आता स्वतःचं सांगतो. आमचा मळा निफाड तालुक्यात, गोदाकाठी. लहानपणी त्याच्या नदीकडच्या कडेने एक पायवाट होती. शेजारच्या वस्तीवरच्या बाया धुणं घेऊन त्यावरून जात, एक म्हातारे कोळीबाबा जाळं खांद्यावर टाकून जात, आम्ही पोरं शाळेत जायचो ती पळतच. माझं पहिलं धावणं त्या वाटेवरचं. पुढे द्राक्षं आली. एकेक फूट जमीन मोलाची झाली. वडिलांनी नदीच्या कडेपर्यंत वेली लावल्या आणि तार ओढली. वाट बंद झाली. मी तेव्हा खात्यात नवीन लागलो होतो. त्याच वर्षी कालव्याच्या भरावावर लोकांनी केलेली अतिक्रमणं मी हटवत होतो आणि प्रत्येकाला ऐकवत होतो, "ही वाट सगळ्यांची आहे." शनिवारी घरी आलो, तार पाहिली आणि काही बोललो नाही. कोळीबाबा रस्त्याने मोठा वळसा घालून नदीवर जाताना दिसले. त्यांनी मला हाक मारून एवढंच विचारलं, "साहेब, बरं चाललंय ना?" आतापर्यंत ते मला 'बाळा' म्हणत आले होते.

गेल्या दिवाळीत मुलगी आली. म्हणाली, "बाबा, आता तुमच्या नदीवर पळू." आम्ही आनंदवल्लीकडून निघालो, रामकुंडापर्यंत जायचं ठरवून. काही ठिकाणी इतकं सुरेख होतं की तिनेच थांबून फोटो काढले. पण चार वेळा आम्हाला नदी सोडून वर गाड्यांच्या रस्त्यावर यावं लागलं. कुठे भिंत, कुठे नाला, कुठे नुसतीच झुडपं आणि कचरा. चौथ्या वेळी ती काही बोलली नाही. मला ते जास्त लागलं.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नदीकाठाचा पुन्हा विचार होतो आहे. घाट हवेतच, येणाऱ्या लाखो लोकांना उतरायला जागा पाहिजे. माझं मागणं त्यात एवढंच, की उतरण्याबरोबर चालण्याचाही विचार व्हावा. सोमेश्वरपासून तपोवनापर्यंत निळ्या रेषेच्या आत एक सलग वाट असावी. फरशीची नको, काँक्रीटची नको. पूर येणार आणि तिच्यावरून जाणार, हे धरूनच मातीची, मुरमाची वाट करावी. पाणी ओसरलं की दोन दिवस रोलर फिरवावा, झालं. जमीन मालकाचीच राहू दे, फक्त जाणाऱ्याला हटकायचं नाही. चोवीस फूट नकोत, दहा पुरेत.

हे बोलण्याचा मला अधिकार असावा म्हणून, मळ्याच्या वाटण्या झाल्यावर माझ्या वाट्याच्या कडेची तार मी काढून टाकली. नदीकडची वेलींची एक ओळ कमी केली. भावाने अजून काढलेली नाही. तो म्हणतो, "दादा, तुझा फ्रान्सचा कायदा तू पाळ." त्याचंही चुकत नाही, त्याचं पोट त्या बागेवर आहे. आता निंदणीच्या बाया माझ्या बांधावरून नदीवर पाणी भरायला जातात. आणि मी गावी गेलो की सकाळी त्या वाटेवर धावतो. साठ-सत्तर पावलं होतात. मग तार येते, आणि मी मागे वळतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)